कपाटाबाहेरचा कॅमेरा

(मंडळाच्या वर्धापनदिनी नवी पेठ, सोलापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत काही उपयोगी विषयावर बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी कॅमेरा हा विषय निवडला. तो ऐकून समितीतल्या दोघी-तिघी हसल्या. "अहो, आता घरटी चार मोबाइल आहेत, कॅमेऱ्याचे कसले भाषण करता?" असे त्यांनी विचारले. त्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दिल्यावाचून मी खाली बसणार नाही. पण आधी कोणत्या कॅमेऱ्याविषयी बोलते आहे ते सांगते. लग्नकार्यात फोटोग्राफर गळ्यात अडकवून हिंडतो, तो मोठा कॅमेरा माझ्या मनात नाही. पाण्यात पडला, फरशीवर आपटला, धुळीने माखला तरी चालू राहणारा, कपड्याच्या साबणाच्या वडीएवढा असा एक कॅमेरा मिळतो. गेली पाच वर्षे तसा एक मी वापरते आहे. त्याच्यामुळे काय साधले आणि आपल्या मंडळाला त्याचा काय उपयोग होईल, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या घरांत कॅमेरा आला तो एक नाजूक आणि महागाची वस्तू म्हणून आला. वडीलधाऱ्या भगिनींना आगफा क्लिक–३ हा कॅमेरा आठवत असेल. तो बडोद्याची न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी तयार करीत असे. त्याच्या एका रिळात १२ फोटो निघत. रीळ धुवून फोटो छापून घेण्याचा खर्च निराळा. त्यामुळे बाराच्या बारा फोटो मोजून-मापून काढले जात. बाकीचे दिवस कॅमेरा आपल्या पेटीत, पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली घरच्या कर्त्या पुरुषाजवळ! मुलांनी त्याला हात लावायचा नाही. आणि बायकांचे हात तर सदा ओले, पिठाचे नाहीतर तेलाचे. त्यांनी तो घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नसे. यात कोणी दुष्टावा केला असे मला म्हणायचे नाही. महागाची वस्तू जपायलाच हवी. पण त्या जपणुकीचा एक परिणाम झाला, आणि तो आपण आपले जुने आल्बम उघडले म्हणजे दिसतो.

आमच्या नवी पेठेतल्या कोणत्याही जुन्या घरातला आल्बम काढून पाहा. त्यात बाई आहे, नाही असे नाही. ती लग्नात आहे, डोहाळजेवणात आहे, बारशात आणि हळदीकुंकवात आहे. ठेवणीतले लुगडे नेसलेली, दागिने घातलेली, हात मांडीवर ठेवून समोर पाहणारी. पण याच सोलापुरात बायकांनी गिरण्यांत पाळ्या केल्या, मागासाठी कांड्या भरल्या, घरोघर बसून विड्या वळल्या, शेंगा फोडल्या, उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घातल्या, कडक भाकऱ्यांच्या चळती थापल्या. त्या कामाचा फोटो घरच्या आल्बमात सहसा सापडत नाही. जे हात दिवसभर हलत होते ते फोटोत तेवढे स्वस्थ बसलेले दिसतात. उद्या नातवंडांनी विचारले, की आमची पणजी काय करीत असे, तर आल्बमावरून उत्तर मिळेल की ती नटून बसत असे!

फोटो काढणारा कोण आहे यावर फोटोत काय येते हे ठरते. म्हणून होमाई व्यारावाला यांची आठवण करणे मला जरूर वाटते. आपल्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. १९४२पासून त्या दिल्लीस होत्या. साडी नेसून, जड कॅमेरा आणि त्याचे सामान घेऊन, सायकलवरून त्या राजधानीत हिंडल्या आणि स्वातंत्र्याच्या काळातील कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०१२ साली त्या निवर्तल्या. या कर्तबगार बाईंचे सुरुवातीचे फोटो मात्र त्यांच्या यजमानांच्या, माणेकशा यांच्या, नावाने छापले गेले. काम बाईचे आणि खाली नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. शेवटी तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

आता या न भिणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळते. पाण्यातला कॅमेरा ही कल्पना मुळात समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्यांची. फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांच्यासाठी बेल्जियमचे ज्याँ द वाउटर्स यांनी १९६०च्या सुमारास कॅलिप्सो नावाचा कॅमेरा तयार केला. १९६३मध्ये जपानच्या निकॉन कंपनीने तो निकोनॉस या नावाने बाजारात आणला. तो पाणबुड्यांसाठी होता. संसारी माणसाचे त्याच्याशी काही काम नव्हते. पुढे २००६ साली ऑलिंपस या जपानी कंपनीने खिशात मावणारा एक डिजिटल कॅमेरा काढला. तो ३ मीटर पाण्यात उतरू शके आणि दीड मीटरवरून पडला तरी टिके. त्याच घराण्यातला २०१९चा टफ टीजी–६ हा १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडण्याचा मार सोसतो, १०० किलोचा भार अंगावर घेतो आणि उणे १० अंश थंडीत काम करतो, असे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले आहे. आपल्या सोलापुरात उणे १० अंशांचे कौतुक ते काय! आपल्याला विचारायचे ते ४४ अंशांचे, आणि त्याविषयी मी सांगणारच आहे.

हे जमते कसे? त्यात दोन युक्त्या आहेत. पहिली लेन्सची. नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स सुरू करताच नळीसारखी पुढे येते आणि तिच्या फटीतून धूळ व पाणी आत शिरते. या कॅमेऱ्यात समोर एक काच पक्की बसवलेली असते. तिच्यामागे लोलक प्रकाशाला काटकोनात वळवतो आणि लेन्सची सारी हालचाल आतल्या आत होते. बाहेर काहीच येत नाही. दुसरी युक्ती दारांची. बॅटरी आणि कार्ड ठेवण्याच्या खणाला घट्ट दार असते व त्याच्या कडेने रबर असते. आपल्या प्रेशर कुकरच्या रिंगेचे आणि या रबराचे काम एकच. रिंगेवर भाताचे शीत अडकले की कुकरची वाफ निसटते. तसा या रबरावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला की पाणी आत येते. फरक एवढाच की कुकर शिट्टी न करून आपल्याला वेळीच सांगतो, कॅमेरा मात्र बिघडल्यावर सांगतो.

म्हणून त्याची निगा कशी राखावी हे थोडक्यात सांगते. दार ओल्या हाताने उघडू नये. उघडण्यापूर्वी कॅमेरा पुसावा, रबर मऊ कोरड्या फडक्याने स्वच्छ करावे आणि दार लावल्यावर दोन्ही कड्या बसल्या की नाही ते पाहावे. चिखलात, समुद्रात किंवा नदीत वापरला तर साध्या गार पाण्याने धुवून सावलीत वाळवावा. गरम पाणी आणि साबण लावू नये. पाण्यात टिकण्याची चाचणी साध्या पाण्याची असते, वाफेची आणि कढत पाण्याची नव्हे. रबर दरवर्षी बदलून घ्यावे असे कंपन्या सांगतात, तो खर्च धरूनच चालावे. आणि आता आपला उन्हाळा. अशा कॅमेऱ्यांना साधारण ४० अंशांपर्यंतचे हवामान चालते. तेव्हा वैशाखात तो मोटारीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवून बाजारात जाऊ नये. पाण्याला न भिणारी ही वस्तू उन्हाला मात्र भिते.

त्याचे दोषही लपवीत नाही. आतली जागा थोडी म्हणून प्रकाश टिपणारा पडदा लहान. त्यामुळे अंधारात काढलेले फोटो रवाळ येतात. दूरचे फार जवळ आणता येत नाही. नान्नजच्या माळावर लांब उभा असलेला माळढोक याने टिपता येईल अशी आशा कोणी धरू नये. नवरदेव-नवरीचे फोटो काढायलाही तो नको. किंमत चांगल्या मोबाइलइतकी पडते, ती एकटीला जड आहे. एवढे सांगूनही मी त्याची भलावण करते, याची कारणे आता ऐका.

"मोबाइल असताना हा कशाला?" मोबाइल हा आता नुसता फोन राहिलेला नाही. त्यात आपले पैसे आहेत, बँकेचे निरोप आहेत, गॅसची नोंदणी आहे, मुलांची शाळा आहे. तो पाण्यात पडला तर फोटो राहतो बाजूलाच, सारा व्यवहार बंद पडतो. काही मोबाइलही आता पाणी सोसतात हे खरे. पण पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्यांच्या हमीत बसत नाही. शिवाय मोबाइलची काच ओल्या किंवा पिठाच्या बोटाला नीट दाद देत नाही. या कॅमेऱ्याला दाबायचे बटण आहे. ते ओल्या बोटाने दाबले तरी खटका पडतो. आणि खरी गोष्ट बोलायची तर कित्येक घरांत मोबाइल एकच चांगला असतो, आणि तो कोणाच्या हातात असतो हे मी सांगायला नको. या कॅमेऱ्याचे तसे नाही. त्यात ना पैसा, ना कोणाची पत्रे. तो दाराजवळच्या खुंटीला दोरीने टांगून ठेवावा. ज्याला हवा त्याने घ्यावा. आमच्या घरी तो तसाच असतो, आणि त्याला जपायचे नसल्यामुळे तो घेऊ का, असे कोणी कोणाला विचारीत नाही.

त्यामुळे काय झाले ते सांगते. स्वयंपाकघरात पिठाच्या हातांनी फोटो काढले आणि मग कॅमेरा नळाखाली धरला. शेंगाची चटणी उखळात कुटताना सासूबाईंच्या मनगटाची कशी हालचाल होते ती टिपली. सुनेला ती तोंडी सांगून कळली नव्हती. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या धुळीत आणि नंदीध्वजांच्या गर्दीत तो गळ्यात होता. धक्के बसले, एकदा खालीही पडला, उचलून पुसला की झाले. आषाढीला पंढरपुरात पावसाची सर आली की लोक मोबाइल पिशवीत घालतात. तेव्हाच बायका तुळशीवर पदर धरतात, एकमेकींच्या डोक्यावर कागद धरतात, चिखलात पाय घट्ट रोवून चालतात. वारीतली बाई खरी दिसते ती त्या सरीत, आणि तेवढ्यात इतरांचे कॅमेरे मिटलेले असतात.

आणखी एक उपयोग बागाईतदार भगिनींसाठी. यांतल्या काही कॅमेऱ्यांना वस्तूच्या एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोटो घेता येतो. डाळिंबावर तेल्याचा पहिला ठिपका पडतो तेव्हा तो तिळाएवढा असतो. त्याचा मोठा, स्पष्ट फोटो आला तर केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना किंवा आपल्या कृषी अधिकाऱ्यांना तो दाखवता येतो. नुसत्या वर्णनावर विसंबावे लागत नाही. बागेत रोज फिरते ती बाई, ठिपका आधी दिसतो तो तिला. तो दाखवण्याचे साधनही तिच्याच हातात असावे.

पण भगिनींनो, ज्या कारणासाठी मी आज हा विषय घेतला ते याहून गंभीर आहे. आपला जिल्हा दुष्काळाचा म्हणून प्रसिद्ध; पण अलीकडे पाण्यानेही आपल्याला सोडलेले नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये अतिवृष्टी झाली आणि भीमेच्या पुराने पंढरपुरापासून खाली किती नुकसान केले ते आपण पाहिले. सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. माझे माहेर सीनेच्या काठी आहे. गौरी-गणपतीला गेले तेव्हा मुलांना खेळायला म्हणून हा कॅमेरा मी तेथे ठेवून आले होते.

पाणी चढले त्या रात्री भाऊ जनावरे सोडवून उंचावर नेण्यात गुंतला होता. घरातला मोबाइल त्याच्याजवळ, आणि तोही भिजून बंद पडलेला. वहिनीने खुंटीवरचा कॅमेरा गळ्यात अडकवला. मुले आणि म्हातारी माणसे शाळेच्या इमारतीत सुखरूप पोचवल्यावर, दुसऱ्या दिवशी पाणी मांडीएवढे असताना ती शेजारणीबरोबर परत गेली आणि तिने फोटो काढले. भिंतीवर पाणी कुठवर आले ती रेघ, तिच्याजवळ फुंकणी उभी धरून. ज्वारीची कणगी फुगून फुटलेली. शिवणाचे यंत्र आडवे पडलेले; त्यावर ती ब्लाउज शिवून महिन्याचा किराणा भागवीत असे. कोंबड्यांचे खुराडे. वर्षाची डाळ, तिखट, पापडाचे डबे. चूल. मग शेजारणींनी हाका मारल्या, म्हणून त्यांच्याही घरांतले.

पंचनाम्याला माणसे आली तोवर चिखल वाळला होता आणि लोकांनी राहायचे म्हणून घरे खरडून धुतली होती. त्यांनी आधी विचारले ते रीतीप्रमाणे जमिनीचे आणि जनावरांचे. जमीन भावाच्या आणि वडिलांच्या नावावर. सातबाऱ्यावर वहिनीचे नाव नाही. पण त्या घरातले जे तिचे होते, तिच्या कष्टाचे होते, त्याचा पुरावा तारखेसह कार्डात होता. तिने तो पुढे केला आणि तो कागदांना जोडला गेला. किती मिळाले, किती राहिले, हा निराळा विषय आहे. मला महत्त्वाचे वाटते ते असे की "तुमचे काय गेले?" या प्रश्नाला त्या दिवशी पहिल्यांदा वहिनीने स्वतः उत्तर दिले. आणि तिचे ऐकून शेजारच्या चार बायका पुढे झाल्या.

येथे दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवते. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ आधीच बरोबर लावून ठेवावी. संकटात ती लावायला सवड नसते. आणि मूळ फोटो कार्डात तसाच राखावा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारखेची नोंद गळून जाते. दाखवायला तो चालतो, पुराव्याला मूळच बरा. २०२०च्या पुराच्या वेळी पीक विम्यासाठी नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागे. नियम पुढे बदलतात, पण वेळेवर केलेल्या नोंदीचे मोल कमी होत नाही.

बायकांच्या हाती कॅमेरा दिल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण आपल्यापासून दूर नाही. येथून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर गेले की जहिराबाद लागते. त्या भागात पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. तिच्या संघांतल्या दलित शेतकरी स्त्रिया, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, गेल्या शतकाच्या अखेरीपासून चलच्चित्राचा कॅमेरा चालवायला शिकल्या. ज्वारी-बाजरीचे वाण, पेरणी, बियाणे राखण्याच्या रीती त्यांनी टिपल्या. वरंगळच्या कापूस शेतकऱ्यांच्या शेतांत जाऊन बीटी कापसाचे काय झाले याचाही त्यांनी चित्रपट केला.

त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना दिलेली नावे मला फार आवडली. वरून खाली पाहणारा कॅमेरा म्हणजे पाटलाची नजर. खालून वर पाहणारा कॅमेरा म्हणजे गुलामाची नजर. आणि समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा लावून पाहणारा, तो संघाचा. कारण संघात सगळ्या एका पातळीवर बसतात. पुस्तके वाचून हे सुचले नसते. मंडळात सतरंजीवर बसणाऱ्या आपल्यालाही ते समजावून सांगावे लागत नाही.

आता माझी सूचना मांडते. आपल्या मंडळाने भिशीच्या पैशांतून असा एक कॅमेरा घ्यावा. वाचनालयाच्या पुस्तकासारखी त्याची वही असावी. सभासदेने सही करून आठ दिवस न्यावा आणि आणून द्यावा. पूर, आग, अपघात असे काही झाले तर तो आधी त्या घरी पोचवावा. एरवी प्रत्येकीने एकच काम करावे: आपल्या आईचे, सासूचे, शेजारणीचे, कामाला येणाऱ्या बाईचे, कामात असतानाचे फोटो काढावेत. विडी वळणारीचे, कांडी भरणारीचे, भाजीच्या टोपलीमागे बसणारीचे. काढण्यापूर्वी तिला विचारावे. ती नको म्हणाली तर काढू नये आणि तिच्या परवानगीवाचून कोणाला पाठवू नये. नजर संघाची असावी, पाटलाची नसावी.

फोटो छापून घ्यावेत. प्रत्येकाच्या मागे तारीख, ठिकाण, जिचा फोटो तिचे नाव आणि जिने काढला तिचेही नाव लिहावे. होमाईबाईंच्या सुरुवातीच्या फोटोंखाली त्यांचे नाव आले नाही. आपल्या फोटोंमागे ते आलेच पाहिजे. पुढच्या वर्धापनदिनी या फोटोंचा आल्बम सभेपुढे ठेवता आला तर ती मंडळाची मोठी कमाई होईल. तो आल्बम हवा तर कपाटात कुलूप लावून ठेवा. कॅमेरा मात्र खुंटीवरच राहू द्या.

समितीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करते. वहीतली पहिली सही मी करीन आणि दुसरीसाठी वहिनीला बोलावून घेईन, म्हणजे तो कसा धरायचा हे ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले दाखवील.